‘स्टेल्थ’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी



सध्या प्रवेशाचा हंगाम आहे. पेट झाली, आता सिनॉप्सिस. गेल्या महिनाभरात मला सात-आठ जणांनी आपला सिनॉप्सिस वाचायला पाठवला. त्यातले चार फेराइटवर होते. त्या चारही सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर एकच वाक्य होतं: या पदार्थांचा उपयोग स्टेल्थ विमानांसाठी रडार-शोषक म्हणून होऊ शकतो.

हसू नका. माझ्या पहिल्या पेपरचं पहिलं वाक्यही हेच होतं. मी ते दुसऱ्या पेपरमधून घेतलं होतं, त्यांनी तिसऱ्यातून घेतलं असणार. सोल-जेल पद्धतीने निकेल-झिंक फेराइट बनवायचं, एक्सआरडी काढायचा, एक्स-बँडमध्ये शोषण दाखवायचं आणि सुरुवातीला ‘स्टेल्थ’ लिहायचं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग आमच्या प्रगती अहवालाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे विचारलं, "बाई, हे कोणत्या विमानाला लावणार? किती जाड लावणार? आणि ते किती दिवस टिकेल?"

माझ्याकडे तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी चीनच्या स्टेल्थ विमानांबद्दल वाचायला लागले. अमेरिकेचं काम जुनं आणि बरंचसं बंद दाराआड झालेलं. चीनचं काम मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, जवळजवळ आपल्या डोळ्यांसमोर झालं. छापील पेपरपासून उडणाऱ्या विमानापर्यंत नेमकं काय काय लागतं, हे त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं. संशोधनात येणाऱ्याने ते एकदा पाहून घ्यावं असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

आधी थोडं गणित

स्टेल्थ म्हणजे अदृश्य होणं नव्हे. रडारला तुम्ही उशिरा दिसणं, एवढाच त्याचा अर्थ. रडार लहरी पाठवतं, विमानावर आपटून त्यातला काही भाग परत येतो. किती परत येतो याचं माप म्हणजे रडार छेद, आरसीएस. तो चौरस मीटरमध्ये मोजतात.

आता महत्त्वाची गोष्ट. रडारचा पल्ला आरसीएसच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. लहर जाताना पसरते, येतानाही पसरते, म्हणून चौथं मूळ. समजा एखाद्या रडारला एक विमान २०० किलोमीटरवर दिसतं. त्याचा आरसीएस दहापट कमी केला तर ते किती अंतरावर दिसेल? २० किलोमीटर नाही, सुमारे ११२ किलोमीटर. शंभरपट कमी केला तर ६३. पल्ला खरोखर २० किलोमीटरवर आणायचा असेल तर आरसीएस दहा हजारपट कमी करावा लागतो.

हे आपल्या भाषेत आणू या. आपण पेपरमध्ये अभिमानाने उणे १० डेसिबल लिहितो, म्हणजे ९० टक्के ऊर्जा शोषली. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण सगळं विमान त्या पदार्थाने मढवलं आणि सगळीकडे तेवढंच शोषण मिळालं, असं धरलं तरी पल्ला २०० वरून ११२ वर येतो. उणे २० डेसिबल, म्हणजे ९९ टक्के शोषण, तरी ६३.

आता वजन. फेराइटची घनता घन सेंटीमीटरला साधारण ५ ग्रॅम. १०० चौरस मीटरवर २ मिलिमीटरचा थर दिला तर १ टन. इपॉक्सीत मिसळून दिला तरी अर्धा टन. चीनचं जे-२० सुमारे २१ मीटर लांब आहे, त्याचा पृष्ठभाग १०० चौरस मीटरपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे फक्त लेप लावून स्टेल्थ विमान होत नाही. हे मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं. तुम्हाला सिनॉप्सिसआधी कळावं.

मग काम कोण करतं? आकार

दहा हजारपटीतला मोठा वाटा आकाराचा असतो. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटीमीटर. १ चौरस मीटरचा सपाट धातूचा पत्रा रडारच्या अगदी समोर धरला तर त्याचा आरसीएस सुमारे १४,००० चौरस मीटर येतो. तोच पत्रा तिरका केला की बहुतेक ऊर्जा दुसरीकडे निघून जाते. टेबलावरच्या आरशात टॉर्च मारून बघा, तिरका आरसा तुमच्या डोळ्यांत प्रकाश टाकत नाही. पण पत्र्याच्या कडा मात्र थोडं परत पाठवत राहतात, आणि त्या किती पाठवतात हे काढणं अवघड.

ते गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी केलं. १९६२ मध्ये मॉस्कोत त्यांचं पुस्तक उघडपणे छापलं गेलं. १९७१ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. लॉकहीड कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्झर यांनी ते वाचलं, त्यावरून संगणक प्रोग्रॅम बनवला, आणि १ डिसेंबर १९७७ ला ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान उडालं. त्यातूनच पुढे एफ-११७ आलं.

म्हणजे सूत्र रशियनांचं, विमान अमेरिकेचं. छापलेलं पुस्तक दोघांनाही उपलब्ध होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चेंगडूमधली गोष्ट

चीनच्या सिच्वान प्रांतात चेंगडू शहर आहे. तिथल्या ६११ क्रमांकाच्या विमान आरेखन संस्थेत सोंग वेनत्सोंग नावाचे अभियंते होते. त्यांचं नाव जे-१० या लढाऊ विमानाशी जोडलेलं आहे. पण त्याआधी याच संस्थेने जे-९ नावाच्या विमानावर अनेक वर्षं काम केलं होतं. मागे त्रिकोणी पंख आणि पुढे छोटे पंख, ज्याला कॅनार्ड म्हणतात, अशी त्याची शेवटची रचना होती. ते विमान कधी उडालंच नाही, १९८० मध्ये प्रकल्प बंद झाला.

१९८६ मध्ये जे-१० सुरू झालं आणि सोंग त्याचे मुख्य आरेखक झाले. त्याचं पहिलं उड्डाण २३ मार्च १९९८ ला झालं. मोजा, बारा वर्षं. त्यातही कॅनार्ड होते. अशा रचनेचं विमान मुळात अस्थिर असतं, संगणकाने सतत सांभाळावं लागतं. ती संगणकीय नियंत्रणप्रणाली ज्यांनी उभी केली ते तरुण अभियंते म्हणजे यांग वेई. हेच पुढे जे-२० चे मुख्य आरेखक झाले.

२००१ मध्ये सोंग आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला. विषय होता कमी लांबी-रुंदी गुणोत्तराच्या पंखांच्या, पण जास्त उचल देणाऱ्या विमानाची रचना. शीर्षक कोरडं वाटतं, पण त्यात मांडलेली अडचण समजून घ्या. स्टेल्थसाठी आकार साधा, कडा कमी आणि एकमेकींना समांतर हव्यात. ध्वनीपेक्षा वेगाने जायचं तर पंख आखूड आणि पातळ हवेत. पण कमी वेगात नाक वर करून झटकन वळायचं तर भरपूर उचल हवी, म्हणजे मोठे पंख हवेत. तिन्ही मागण्या एकमेकींच्या विरोधात.

त्यांचं उत्तर असं: धडालाच उचल देणारा आकार द्या, पुढे कॅनार्ड लावा, पंखाचा पुढचा भाग धडाच्या कडेने लांबवत न्या, आणि या दोन्हींमुळे तयार होणारे हवेचे भोवरे पंखावरून वाहू द्या. भोवरा पंखावर कमी दाब तयार करतो आणि आखूड पंखातूनही जास्त उचल मिळते. मागच्या उभ्या शेपट्या लहान आणि पूर्ण फिरणाऱ्या ठेवा.

दहा वर्षांनी, ११ जानेवारी २०११ ला, चेंगडूच्या धावपट्टीवरून जे-२० उडालं तेव्हा त्या पेपरमधल्या बऱ्याच कल्पना लोकांना आकाशात दिसल्या. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स त्या दिवशी बीजिंगमध्ये होते, त्यामुळे बातमी जगभर गाजली. पण सगळ्या बातम्या राजकारणाच्या होत्या. २००१ चा पेपर वाचलेल्यांना मात्र विमान पाहून फार धक्का बसला नसावा.

पहिलं उड्डाण म्हणजे काम संपलं असंही नाही. मार्च २०१४ मध्ये जे नवं प्रारूप उडालं त्यात हवा आत घेण्याचं तोंड बदललेलं होतं, शेपट्यांचे कोपरे छाटलेले होते, नाकाखाली संवेदक आला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये झुहाईच्या प्रदर्शनात विमान लोकांना दाखवलं गेलं आणि २०१७ मध्ये ते सेवेत आलं. सोंग वेनत्सोंग त्याआधीच, मार्च २०१६ मध्ये गेले.

इथे थांबून एक विचार करा. जे-९ वर आयुष्याची ऐन वर्षं घालवलेल्या माणसांना १९८० मध्ये काय वाटलं असेल? त्यांच्या लेखी तो ‘फेल’ प्रकल्प होता. पण कॅनार्डचं त्यांना जे समजलं होतं ते संस्थेत राहिलं. ते जे-१० मध्ये उतरलं आणि तिथून जे-२० मध्ये.

"पण मॅडम, त्यांनी कॉपीच केली ना?"

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. याचं उत्तर रागाने किंवा अभिमानाने देऊ नये, पुरावे मांडून द्यावं.

चोरी झाली याचे न्यायालयीन पुरावे आहेत. २०१६ मध्ये एका चिनी व्यावसायिकाने अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केलं की बोइंग आणि इतर कंपन्यांच्या संगणकांतून लष्करी विमानांची माहिती पळवण्याच्या कटात तो होता. त्यात सी-१७ मालवाहू विमानाबरोबर एफ-२२ आणि एफ-३५ चीही माहिती होती. त्याला ४६ महिन्यांची शिक्षा झाली. दुसरं प्रकरण आपल्या अधिक जवळचं. मुंबईत जन्मलेले नोशीर गोवाडिया हे अमेरिकेच्या बी-२ या स्टेल्थ बॉम्बर विमानावर काम केलेले अभियंते. चीनला क्रूझ क्षेपणास्त्राचं एक्झॉस्ट नॉझल आरेखित करून दिल्याबद्दल ते दोषी ठरले. गरम धूर उष्णतेच्या संवेदकांना कमी दिसावा असं ते नॉझल होतं. जानेवारी २०११ मध्ये, जे-२० च्या पहिल्या उड्डाणाच्याच महिन्यात, त्यांना ३२ वर्षांची शिक्षा झाली.

हे सगळं खरं आहे. पण ‘कॉपी’ या एका शब्दात गोष्ट मावत नाही. एफ-२२ ला कॅनार्ड नाहीत, एफ-३५ ला एकच इंजिन आहे. जे-२० ची मांडणी या दोघांसारखी नाही. तिची मुळं चेंगडूच्याच जुन्या कामात सापडतात. चोरलेल्या फाइलमधून एखादं माप मिळेल, एखादी चुकीची वाट टळेल, कदाचित काही वर्षंही वाचतील. पण जे फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं ते कसं चोरणार? त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे इंजिन.

पात्यापाशी अडलेलं विमान

जे-२० च्या सुरुवातीच्या विमानांना रशियन एएल-३१ कुळातली इंजिनं होती असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. जे-१० देखील रशियन इंजिनावरच सेवेत आलं. स्वतःच्या इंजिनावर उडणारं जे-२० चीनने झुहाईला जाहीरपणे दाखवलं ते २०२१ मध्ये. म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर दहा वर्षांनी. आकार दहा वर्षं आधी तयार, इंजिन दहा वर्षं मागे. असं का?

कारण टर्बाइनचं पातं. हाताच्या पंजाएवढी वस्तू. ती ज्या वायूत फिरते त्याचं तापमान १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि ज्या निकेल मिश्रधातूची ती बनते तो त्याआधीच वितळतो. म्हणून पात्याच्या आत बारीक वाटा ठेवून थंड हवा खेळवतात आणि वरून झिर्कोनियाचा पातळ थर देतात. वर पातं प्रचंड वेगाने फिरत असतं, त्यामुळे ते सतत बाहेर ओढलं जातं. साधा धातू असंख्य छोट्या स्फटिकांचा बनलेला असतो, आणि एवढ्या उष्णतेत तो त्या स्फटिकांच्या सीमांवरच हळूहळू सरकतो, ताणला जातो, तुटतो. उपाय काय? सीमाच नकोत. सगळं पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं. साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली आणायचा. तळाशी एक नागमोडी नळी असते, तिच्यातून एकच स्फटिक वर जाऊ शकतो, बाकीचे वाटेत अडतात.

हे तत्त्व पाठ्यपुस्तकात आहे. मी ते चार ओळींत सांगितलं. पण शंभर पाती ओतली तर त्यातली किती चांगली निघतात? साचा कोणत्या मातीचा, भट्टीतला उतार किती अंशांचा, वेग कुठे बदलायचा? हे सगळं लोकांच्या हातात असतं, कागदावर नसतं.

चीनमध्ये या कामाचा पाया घालणारे म्हणून शी छांगशू यांचं नाव घेतात. त्यांनी १९५२ मध्ये अमेरिकेत पीएचडी केली. कोरियन युद्धाच्या काळात त्यांना मायदेशी परतू दिलं जात नव्हतं, ते १९५५ मध्ये परतले आणि शेनयांगच्या धातू संशोधन संस्थेत रुजू झाले. १९६४ च्या सुमारास त्यांच्यासमोर प्रश्न आला: अमेरिकेने आतून पोकळ, हवेने थंड होणारी पाती बनवली आहेत, आपल्याला जमेल का? हातात ना नमुना, ना आराखडा. ‘असं बनू शकतं’ एवढीच माहिती. वर्षभरात त्यांच्या गटाने नऊ बारीक छिद्रांचं ओतीव पातं बनवून दाखवलं.

पण मला खरी महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९७० च्या दशकात या पात्यांचं उत्पादन दूर ग्वेचौ प्रांतातल्या कारखान्यात हलवलं गेलं. देश तोच, कृती तीच, कागदही तेच, तरी पाती मोठ्या प्रमाणावर नापास व्हायला लागली. शेवटी शी स्वतः गट घेऊन तिथे गेले आणि कामगारांबरोबर उभं राहून एकेक पायरी तपासून अडचण सोडवली. स्वतःचंच तंत्र स्वतःच्याच देशात दुसऱ्या शहरात न्यायला एवढं लागलं, तर दुसऱ्या देशाच्या चोरलेल्या फाइलवरून ते उभं राहील का?

शी छांगशू यांना चीनचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०११ मध्येच. त्याच आठवड्यात जे-२० उडालं होतं, रशियन इंजिनांवर. २०१६ मध्ये चीनने सगळ्या इंजिन संस्था एकत्र करून एकच महामंडळ स्थापन केलं. त्यात सुमारे ९६,००० माणसं होती. विमानाचा सगळ्यात हट्टी भाग कोणता, हे यावरून ओळखा.

आपल्याकडे हे वेगळं नाही. कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला, २००८ मध्ये तो तेजसपासून वेगळा करावा लागला. तेजस आजही अमेरिकन इंजिनावर उडतं. २०२१ मध्ये हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेने हेलिकॉप्टर इंजिनासाठी एकस्फटिकी पाती बनवून दिली. मार्च २०२४ मध्ये आपल्या स्वतःच्या स्टेल्थ विमानाला मंजुरी मिळाली. तुमच्यापैकी काही जण पुढे या कामात असतील. तेव्हा हा इतिहास माहीत असू द्या.

आता माझ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या

बाहेरून आलेल्या सरांचा तिसरा प्रश्न होता, किती दिवस टिकेल. लेपाचं खरं दुखणं हेच. विमानावर पाऊस पडतो, उन्हात ते तापतं, वर गेल्यावर गोठतं. समुद्रावर असेल तर खारा वारा. शेनयांगला तयार झालेलं दुसरं चिनी स्टेल्थ विमान बघा. एफसी-३१ या नावाने ते ३१ ऑक्टोबर २०१२ ला पहिल्यांदा उडालं. त्याचं नौदलासाठीचं रूप, जे-३५, २०२१ मध्ये उडालं आणि ‘फूच्येन’ या विमानवाहू जहाजावरून विद्युतचुंबकीय कॅटापल्टने त्याला उडवल्याची दृश्यं चीनने सप्टेंबर २०२५ मध्ये दाखवली. पंख घडी होण्याची सोय, दणकट चाकं, आणि मिठाच्या हवेत टिकणारा पृष्ठभाग, हे सगळं मधल्या वर्षांत करायचं होतं.

मी काय केलं? फेराइट इपॉक्सीत मिसळून अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर लावलं आणि साडेतीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. अकराव्या दिवशी कडेने फोड आले, लेप सोलून निघाला. दुसऱ्यांदा केलं, तेच. मग माझ्या ज्युनियरने त्याच कृतीने पट्ट्या केल्या, त्या महिनाभर टिकल्या! वजन तेच, पावडर तीच, डबाही तोच. मला आधी वाटलं तिने काहीतरी चुकीचं नोंदवलं. दोघींनी शेजारी उभं राहून परत केलं तेव्हा कळलं. ती पावडर आदल्या रात्री ओव्हनमध्ये ठेवून जायची, कारण सकाळी तिला बसने यायला उशीर व्हायचा. मी मात्र बाटलीतून काढून थेट मिसळायचे. माझी पावडर हवेतली ओल धरून बसलेली असायची.

ही ओळ आम्ही ज्या पेपरवरून कृती घेतली त्यात नव्हती. त्यांनी लपवली असेल असं नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत ती सवयच असेल, म्हणून लिहावीशी वाटली नसेल. ग्वेचौची गोष्ट वाचली तेव्हा मला माझ्या पट्ट्या आठवल्या. प्रमाण वेगळं, दुखणं तेच.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आता या सोललेल्या पट्ट्यांवर आहे. सुरुवातीला लाज वाटली होती. सर म्हणाले, "हेच ठेव, बाकीचं सगळ्यांकडे आहे."

वाचताना आणि लिहिताना

शेवटी कामाच्या चार गोष्टी.

एक. कुठेही एखाद्या विमानाचा आरसीएस एका आकड्यात लिहिलेला दिसला तर तीन प्रश्न विचारा: कोणत्या वारंवारतेला, कोणत्या कोनातून, मोजलेला की अंदाजे काढलेला? समोरून छोटं दिसणारं विमान बाजूने मोठं दिसू शकतं. आणि तरंगलांबी विमानाच्या भागांएवढी झाली की आकाराची जादू कमी होते. २७ मार्च १९९९ ला सर्बियात एफ-११७ पाडलं गेलं, त्यात मीटर-तरंगलांबीच्या जुन्या रडारचा वाटा होता. चीन स्वतःही अशी रडारं बनवतो, जेवाय-२७ए हे त्यातलं एक. खरे मोजलेले आकडे कोणताच देश छापत नाही. त्यामुळे युट्यूबवरचा आकडा सिनॉप्सिसमध्ये घालू नका.

दोन. तोच प्रश्न आपल्या क्षेत्रालाही विचारा. पेपरमधला शोषणाचा आलेख बऱ्याचदा थेट मोजलेला नसतो. नमुन्याचे विद्युत आणि चुंबकीय गुणधर्म मोजून, मागे धातूचा पत्रा आहे असं धरून, सूत्राने काढलेला असतो. यात चूक काही नाही, पण तसं लिहायला हवं. एक्स-बँडच्या तरंगमार्गात आपला नमुना २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटरचा असतो. तेवढ्या तुकड्यावरून विमानाबद्दल किती बोलायचं, हे आपणच ठरवावं.

तीन. कृती लिहिताना तुम्हाला ‘एवढं काय लिहायचं’ वाटेल तेच लिहा. पावडर किती वेळ वाळवली, त्या दिवशी पाऊस होता का, कोणी ढवळलं. वहीत तर लिहाच.

चार. विषय निवडताना आकर्षक शब्दाकडे जाऊ नका, अडलेल्या जागेकडे जा. जे-२० चं कौतुक झालं ते आकाराचं, पण ते दहा वर्षं अडलं पात्यापाशी.

आणि पहिलं वाक्य? ज्या चौघांनी सिनॉप्सिस पाठवले त्यांना मी ‘स्टेल्थ’ खोडा असं सांगितलेलं नाही. मी एवढंच विचारलं: कुठे लावणार, किती जाड, किती दिवस टिकेल? त्यातल्या एकीने काल नवा मसुदा पाठवला. तिचं पहिलं वाक्य आता असं आहे की २ मिलिमीटरपेक्षा पातळ फेराइट-इपॉक्सी लेप दमट हवेत किती काळ चिकटून राहतो, हे ती तपासणार आहे.

वाक्य साधं आहे, विमानाचं नावही नाही त्यात. पण बैठकीत तिला तो प्रश्न कोणी विचारला, तर तिच्याकडे उत्तर असेल.